बालरुग्ण वॉर्डासाठी कृतज्ञता-निधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘आमचे मूल ज्या वॉर्डात बरे झाले, त्या वॉर्डासाठी काहीतरी करायचे आहे’ अशा वाक्याने सुरू होणारी पत्रे मला गेली काही वर्षे येत आहेत. माझी मुलगी अकरा आठवडे बालरुग्ण वॉर्डात होती. ती घरी आल्यावर आम्ही काही पालकांनी मिळून त्या वॉर्डासाठी निधी उभारला. त्यातले काही जमले, काही सपशेल फसले, आणि दोन्हींची बातमी पसरल्यावर इतर पालक विचारू लागले. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे सोप्यापासून अवघडापर्यंत घेतले आहेत. करसवलत, धर्मादाय नोंदणी आणि वर्गणी गोळा करण्याच्या परवानग्या यांचे कायदे देशोदेशी वेगळे असल्यामुळे त्यांत मी शिरलेले नाही. ती चौकशी रुग्णालयाच्या लेखा विभागात करावी.

१. निधी उभारायचे आम्ही ठरवले आहे. सुरुवात कुठून करायची?

रुग्णालयाला विचारण्यापासून. हे इतके उघड आहे की बहुतेक जण नेमके तेच विसरतात, आणि पैसे जमल्यावर ‘आता याचे काय करू?’ असे विचारत येतात. भेटायचे ते दोघांना. एक, वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर, कारण वॉर्डात कशाची ओढाताण होते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. आणि दुसरे, देणगी स्वीकारण्याचा अधिकार ज्या कार्यालयाकडे आहे तिथले अधिकारी, कारण सिस्टरांनी ‘हो’ म्हटले तरी वस्तू किंवा रक्कम ताब्यात घेण्याचा अधिकार त्यांना बहुधा नसतो. वॉर्डाला आत्ता काय हवे आहे, देणगी कोणाच्या नावे आणि कोणत्या मार्गाने स्वीकारली जाते, आणि आवाहनात रुग्णालयाचे नाव वापरण्याची परवानगी मिळेल का, एवढे तीन प्रश्न पहिल्या भेटीला पुरतात. परवानगी लेखी घ्यावी. वॉर्डात जायचे तर ड्यूटी बदलण्याची वेळ टाळून जावे; त्या वेळी प्रत्येक खाटेपाशी उभे राहून एक सिस्टर दुसरीला मुलाचा ताबा देत असतात, आणि त्या बोलण्यात खंड पडणे कोणत्याच मुलाच्या हिताचे नसते.

२. आमच्यासारख्यांच्या वर्गणीने खरोखर काही उभे राहते, की ते केवळ आपल्या मनाचे समाधान?

मनाचे समाधान होतेच, आणि त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. पण बालरुग्णालयांचा इतिहास पाहिला तर त्यांतली कित्येक वर्गणीवरच उभी राहिलेली दिसतात. लंडनचे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालय १८५२ मध्ये अवघ्या दहा खाटांनिशी सुरू झाले. पैशांची चणचण इतकी होती की १८५८ मध्ये निधीसाठी भरवलेल्या भोजनसमारंभात चार्ल्स डिकन्स यांनी आवाहनाचे भाषण केले. अमेरिकेतील मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयाची कथा तर सरळसरळ नवसाची आहे. हातात काम नव्हते त्या काळात विनोदी नट डॅनी थॉमस यांनी संत ज्यूड यांना साकडे घातले होते, की मला वाट दाखवा, मी तुमचे स्थान उभारीन. ते स्थान म्हणजे १९६२ मध्ये उघडलेले मुलांचे रुग्णालय. त्यांनी त्यासाठी निधी उभारणारी स्वतंत्र संस्था पाच वर्षे आधी, १९५७ मध्येच स्थापन केली होती, ही बाब मला नवसाइतकीच महत्त्वाची वाटते. इमारतीच्या आधी हिशेब ठेवणारे हात तयार असावे लागतात.

तुमच्या निधीतून रुग्णालय उभे राहणार नाही. रात्री उशाशी बसणाऱ्या आईला पाठ टेकता येईल अशी एक खुर्ची येईल, आणि ती खुर्ची पुढे कित्येक वर्षे रोज वापरात राहील.

३. निधी वगैरेच्या भानगडीत न पडता ज्यांनी आमच्या मुलाला सांभाळले त्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना थेट भेट दिली तर?

आभाराचे पत्र द्या, आणि ते नावानिशी द्या. कोणत्या दिवशी, कोणी, काय केले हे लिहिलेले पत्र वॉर्डातल्या फळ्यावर वर्षानुवर्षे टाचलेले मी पाहिले आहे, आणि अशा पत्राची प्रत वरिष्ठांना पाठवली तर ती त्या व्यक्तीच्या नोंदीतही जाऊ शकते. रोख रक्कम किंवा किमती वस्तू मात्र देऊ नये. बहुतेक रुग्णालयांच्या नियमांत ती बसत नाही, आणि घेणाऱ्याची पंचाईत होते ती वेगळीच. शिवाय आपण ज्यांची नावे लक्षात ठेवतो ते दिवसपाळीचे, समोर दिसणारे लोक असतात. रात्री लादी पुसणाऱ्या मावशी, रक्ताचे नमुने पळवत नेणारा मुलगा आणि औषधे तोलून देणारे औषधनिर्माते आपल्या यादीत येतच नाहीत. वॉर्डाला दिलेली गोष्ट त्या सर्वांच्या कामी येते.

४. वॉर्डाला नेमके काय लागते? आम्ही मनाशी एक मोठे यंत्र ठरवले आहे.

मनाशी ठरवलेले यंत्र बाजूला ठेवून आधी यादी मागवावी. बालरुग्ण वॉर्डाच्या गरजा मोठ्यांच्या वॉर्डापेक्षा वेगळ्या असतात, कारण मुलांचे औषध वजनावर ठरते. एक किलोहून कमी वजनाचे अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि पन्नास किलोंचा किशोर एकाच विभागाच्या छताखाली असू शकतात, म्हणून रक्तदाबाचे पट्टे, मुखवटे, नळ्या, सगळे अनेक मापांत लागते. तासाला मिलिलिटरच्या काही अंशाने औषध सोडणारे सिरिंज पंप, बोटाला किंवा तळपायाला गुंडाळण्याचे ऑक्सिमीटरचे लहान सेन्सर, अचूक वजनकाटे, सुई टोचण्यापूर्वी त्वचा बधिर करणारे मलम, अशा गोष्टी यादीत वारंवार दिसतात. हे मलम लावल्यानंतर साधारण तासभर थांबावे लागते, म्हणून ते हाताशी मुबलक असेल तरच त्याचा उपयोग होतो; रक्त घ्यायला माणूस आल्यावर शोधाशोध करून भागत नाही.

आणि मग पालकांची जागा. मुलाजवळ आईवडिलांनी राहणे हे आज आपल्याला इतके स्वाभाविक वाटते, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक रुग्णालयांत पालकांना आठवड्यातून ठरावीक तासच भेटू देत असत. १९५९ मध्ये ब्रिटनमधील प्लॅट समितीने भेटीवरील बंधने काढावीत आणि लहान मुलांच्या आयांना रुग्णालयात राहू द्यावे अशी शिफारस केली. नियम बदलले, खोल्या मात्र सगळीकडे बदलल्या नाहीत. आमच्या वॉर्डात खाट आणि भिंत यांच्यामध्ये एक प्लास्टिकची खुर्ची मावेल एवढीच फट होती. त्या खुर्चीचा डावा हात तडकलेला होता आणि त्यावर कोणीतरी चिकटपट्टी गुंडाळली होती. पहाटे तीनला पंप वाजला की दचकून उठताना नेमका दंड त्या पट्टीवर घासायचा. आम्ही निधी जमवला तेव्हा सिस्टरांच्या यादीत पहिली ओळ होती, ‘पालकांसाठी पसरता येणाऱ्या, पुसता येणाऱ्या खुर्च्या’. आमच्या मनातल्या मोठ्या यंत्राचा त्या यादीत उल्लेखही नव्हता.

५. पैसे द्यावेत की वस्तू?

माझे मत पैशांच्या बाजूने आहे. रुग्णालयाच्या लेखी संमतीने आणि त्यांनीच सांगितलेल्या तपशिलाबरहुकूम वस्तू घेणार असाल तर गोष्ट वेगळी. या मताला आमच्या फसलेल्या खरेदीची पार्श्वभूमी आहे. आम्ही पहिल्या वर्षी दोन पंप परस्पर विकत घेऊन गेलो. पंप चांगले होते, पण त्यांना त्याच कंपनीच्या खास नळ्या लागत होत्या आणि रुग्णालयाचा करार दुसऱ्या कंपनीशी होता. नळ्या नाहीत म्हणून पंप नाहीत. ते रुग्णालयाची उपकरणे सांभाळणाऱ्या बायोमेडिकल विभागाच्या कपाटात गेले आणि आमच्या देणगीदारांनी विचारले की आम्ही विषय बदलायचो.

हे आमचेच झाले असे नाही. सोळा देशांतील रुग्णालयांमधील एक लाखाहून अधिक उपकरणांच्या नोंदी तपासणाऱ्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे ३८ टक्के उपकरणे बंद स्थितीत आढळली होती. कारणे नेहमीची असतात: सुटे भाग मिळत नाहीत, शिकवणारा कोणी नसतो, विजेचा दाब जुळत नाही, वार्षिक देखभालीचा करार कोणी केलेला नसतो. म्हणून उपकरण द्यायचेच असेल तर किंमत विचारताना यंत्राची नव्हे, ते चालू ठेवण्याची विचारावी. दर रुग्णामागे काय टाकून द्यावे लागते, ते कुठून येते, वॉरंटी संपल्यावर दुरुस्ती कोण करते, अंशमापन (यंत्राची मापे अचूक आहेत ना याची तपासणी) किती दिवसांनी करावे लागते आणि वापरायला शिकवणार कोण, हे रुग्णालयाच्या बायोमेडिकल इंजिनिअरना विचारले की अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होते. आमच्या वेळी तो अर्धा तास आम्ही वाचवला होता.

वापरलेल्या वस्तूंबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या देणगीविषयक मार्गदर्शक तत्त्वांतले एक सूत्र घरच्या भाषेत सांगायचे तर असे आहे: जे आपण स्वतःसाठी चालवून घेणार नाही, ते दान म्हणून देऊ नये. घरी उरलेली औषधे याच कारणासाठी देऊ नयेत. ती कशी साठवली गेली याची खात्री कोणालाच देता येत नाही. खेळण्यांविषयी पुढील प्रश्न पाहावा.

६. मुलांचा वॉर्ड आहे, तर टेडी, फुगे आणि फुले तरी नेता येतील ना?

बहुधा नाही. आणि ‘नाही’ म्हणताना सिस्टरांना वाईट वाटते, म्हणून हे उत्तर मी सविस्तर लिहीत आहे. केसाळ खेळणी पुसून निर्जंतुक करता येत नाहीत. ती या मुलाच्या हातून त्या मुलाच्या हाती गेली तर जंतूही जातात, म्हणून वॉर्डाच्या सामाईक कपाटात ती सहसा ठेवत नाहीत. एखाद्या मुलासाठी नवे, बंद पाकिटातले खेळणे देऊन ते त्याच्याबरोबर घरी जाणार असेल तर काही ठिकाणी चालते. लॅटेक्सचे, म्हणजे नैसर्गिक रबराचे, फुगे दोन कारणांनी नकोत. पहिले, काही मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी असते, विशेषतः जन्मतः पाठीच्या कण्यात दोष असल्यामुळे ज्यांच्या अनेक शस्त्रक्रिया झालेल्या असतात त्यांना. दुसरे, फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. फुलदाणीतल्या साचलेल्या पाण्यात जीवाणू वाढतात, त्यामुळे कर्करोगाच्या आणि अतिदक्षता विभागांत फुलांना सर्रास मज्जाव असतो. गोल, चपट्या बॅटरीची खेळणी तर आणूच नयेत: अशी बॅटरी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही तिथे गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. लहान शक्तिशाली चुंबकांचे तसेच. एकाहून अधिक गिळले गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये धरून ते एकमेकांना चिकटतात.

मग न्यावे काय? पुसता येणारे ठोकळे, प्लॅस्टिकचे कोडी-संच, जाड पुठ्ठ्याची गुळगुळीत पानांची पुस्तके, न उघडलेली रंगपेटी आणि एकदाच वापरून ज्याचे त्याला देता येतील अशा चित्रवह्या. किशोरवयीनांना सगळेच विसरतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला हत्तीच्या चित्राच्या वॉर्डात दोन महिने काढावे लागतात तेव्हा हेडफोन आणि लांब तारेचा चार्जर या चैनीच्या वस्तू राहत नाहीत. तेही देण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू वॉर्डात लावण्याआधी तपासली जाते.

७. आमची देणगी फक्त याच वॉर्डासाठी वापरावी अशी अट घालता येते का?

येते, पण ती पैसे मागण्यापूर्वी ठरवावी लागते. आवाहनात जे लिहिले त्याच्याशी तुम्ही आणि रुग्णालय दोघेही बांधले जाता. ‘वॉर्ड क्रमांक अमुकसाठी इनक्युबेटर’ असे लिहून जमवलेल्या पैशांतून खुर्च्या घेता येत नाहीत, मग त्या कितीही निकडीच्या असोत. अट जितकी अरुंद, तितकी ती मोडकळीस येण्याची शक्यता जास्त. वॉर्ड स्थलांतरित होतात, दोन वॉर्डांचा एक होतो, ज्या यंत्रासाठी पैसे मागितले ते सरकारी अनुदानातून येऊन बसते. म्हणून मी असे वाक्य सुचवते: ‘जमलेली रक्कम बालरुग्ण विभागातील मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या सोयीसाठी, प्राधान्याने अमुक वस्तूसाठी वापरली जाईल, ते शक्य न झाल्यास किंवा रक्कम उरल्यास विभागप्रमुखांच्या सल्ल्याने त्याच विभागाच्या इतर गरजांसाठी वापरली जाईल.’ हे वाक्य पहिल्या दिवसापासून प्रत्येक पत्रकावर असावे. मागाहून घातले तर ज्यांनी आधी पैसे दिले त्यांना ते लागू होत नाही.

८. ठरवलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे जमले तर? आणि जास्त जमले तर?

दोन्हींचे उत्तर प्रश्न ७ मधल्या वाक्यात आहे. ते वाक्य आधी घातले नसेल तर देणगीदारांना विचारावे लागते. ते शक्य नसेल तर रुग्णालयाच्या कायदा सल्लागाराकडे जावे.

९. पैसे माझ्या स्वतःच्या खात्यात जमा केले तर चालेल का? रोज बँकेत जाणे जमत नाही.

चालवू नये. तुमच्या सचोटीवर शंका म्हणून नव्हे. महिन्याभराने दूध, वीज आणि देणगी यांच्या नोंदी एकाच पानावर आल्या की तुम्हालाही त्या वेगळ्या काढता येत नाहीत म्हणून. रुग्णालयाच्या देणगी खात्यात थेट भरणा हा सर्वात बिनघोर मार्ग आहे, कारण त्याची पावतीही तिथूनच मिळते. ते शक्य नसेल तर दोन सह्यांचे स्वतंत्र खाते उघडावे, आणि त्या दोन सह्या नवरा-बायकोच्या नसाव्यात.

कार्यक्रमात रोख रक्कम जमली तर ती तिथल्या तिथे, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावी, आकडा लिहून दोघांनी सही करावी आणि पाकीट बंद करावे. खर्च परस्पर त्या रोखीतून करू नये. मांडवाचे पैसे ‘यातूनच देऊन टाकू’ म्हटले की किती जमले आणि किती गेले हे पुन्हा कधीच सांगता येत नाही. सोडत किंवा लॉटरीसारखा प्रकार करायचा असेल तर त्याला बऱ्याच ठिकाणी वेगळी परवानगी लागते, ती आधी काढावी.

१०. ऑनलाइन आवाहनात काय सांभाळावे?

संकेतस्थळ किती शुल्क कापते, पैसे हस्तांतरित करणाऱ्या सेवेचा आकार वेगळा पडतो का, रक्कम हाती किती दिवसांनी पडते आणि लक्ष्य गाठले नाही तर पैसे परत जातात का, हे अटींमध्ये वाचून देणगीदारांना आधीच सांगावे. लाभार्थी म्हणून व्यक्तीऐवजी थेट रुग्णालयाचे खाते जोडण्याची सोय असेल तर तीच वापरावी. आवाहन पसरू लागले की त्याची नक्कल होण्याचाही धोका असतो: तेच छायाचित्र, तोच मजकूर, फक्त क्यूआर कोड बदललेला. म्हणून अधिकृत पानाचा एकच दुवा ठरवून तो रुग्णालयाच्या संकेतस्थळावरही घालण्याची विनंती करावी, आणि कोड प्रतिमा म्हणून गटागटांत फिरवू नये.

११. आमच्या मुलाचा वॉर्डातला फोटो आणि त्याची हकिगत टाकली तर लोक जास्त देतील. त्यात गैर काय?

लोक जास्त देतील हे बहुधा खरे आहे. गैर आहेच असेही मी म्हणत नाही, पण तो फोटो टाकण्यापूर्वी एकदा कडेकडेने पाहावा. मनगटावरच्या पट्टीवर नाव आणि रुग्ण क्रमांक असतो. खाटेच्या डोक्याशी फलक असतो. मागच्या खाटेवरच्या मुलाचा अर्धा चेहरा असतो, आणि त्याच्या पालकांनी आपल्या नातेवाइकांनाही आजार सांगितलेला नसतो. मॉनिटर, औषधाचे लेबल, दारावरची पाटी, सगळे वाचता येते. वॉर्डात फोटो काढायला रुग्णालयाची परवानगी लागतेच.

दुसरा भाग मुलाचा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलाच्या खासगीपणाचा हक्क कलम १६ मध्ये आणि त्याच्याशी संबंधित बाबींत त्याचे मत ऐकून घेण्याचा हक्क कलम १२ मध्ये आहे. पाच वर्षांच्या मुलालाही विचारता येते, ‘हा फोटो सगळ्यांना दाखवू का?’ आणि ते ‘नको’ म्हणाले तर तो विषय तिथे संपतो. जे मूल अजून बोलत नाही, ते पंधरा वर्षांचे झाल्यावर वर्गातल्या मुलांनी हे पान शोधून काढले तर त्याला काय वाटेल, हा विचार आपण करायचा. निदान, नळ्या आणि टक्कल यांच्याऐवजी त्याने सलाइनच्या स्टँडला दिलेले नाव सांगितले तरी गोष्ट पोहोचते. माझ्या मुलीने तिच्या स्टँडचे नाव ‘बाबूराव’ ठेवले होते आणि स्नानगृहात जाताना ती त्याला ‘चला’ म्हणायची. आमच्या पत्रकावर फोटो नव्हता, बाबूराव होते.

१२. डॉक्टरांनी आवाहनावर सही केली तर वजन पडेल. त्यांना विचारावे का?

विभागप्रमुखांनी गरज काय आहे हे सांगणारे चार ओळींचे पत्र द्यावे, एवढी विनंती रास्त आहे. मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्याच इतर रुग्णांकडे शब्द टाकायला सांगू नये. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची आचारसंहिताही डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णांकडे, विशेषतः तपासणीच्या वेळी, थेट देणगी मागणे टाळावे असेच सांगते. कारण साधे आहे: ज्यांच्या हातात आपले मूल आहे त्यांना ‘नाही’ कोण म्हणेल? त्याच कारणासाठी वॉर्डातल्या खाटाखाटांवर पत्रके वाटू नयेत. तिथे असलेल्या पालकांकडून त्या दिवसांत काहीही मागायचे नसते.

१३. मुलाचे उपचार अजून चालू आहेत. आत्ताच निधी सुरू केला तर?

मी थांबायला सांगते. एक तर तुमच्याकडे ती ताकद नसते. अर्ज, हिशेब आणि आभाराची पत्रे हे पूर्ण वेळाचे काम होते. दुसरे म्हणजे देणगी आणि उपचार यांत अंतर राहावे लागते. तुम्ही देणगी दिली म्हणून सिस्टर आधी आल्या, किंवा दिली नाही म्हणून उशिरा आल्या, असा संशय तुमच्या, त्यांच्या किंवा शेजारच्या खाटेवरच्या पालकांच्या मनात येण्याला जागाच राहू नये. नातेवाईक ऐकत नसतील तर त्यांच्यापैकी एकाने चौकशी करून ठेवावी आणि आवाहन मूल घरी आल्यावर करावे. दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात ‘उपचार संपल्यावर’ असा दिवस येतच नाही. तिथे निधीचे काम पालकांनी न करता मावशी, काका किंवा मित्रांनी करावे आणि सर्व व्यवहार वॉर्डाऐवजी देणगी कार्यालयाशी ठेवावा.

१४. आमचे मूल वाचले नाही. तरीही ज्यांनी त्याला सांभाळले त्यांच्यासाठी काही करावेसे वाटते. हे विचित्र आहे का?

नाही. मला येणाऱ्या पत्रांपैकी सर्वात नीट विचार करून लिहिलेली पत्रे अशा पालकांचीच असतात.

काही गोष्टी तेवढ्या सांगते. घाई नको, रुग्णालय कुठे जात नाही. अंत्यसंस्काराच्या वेळी हार-फुलांऐवजी देणगी द्यावी अशी इच्छा असेल तर एका नातेवाइकाने देणगी कार्यालयाकडून खात्याचा तपशील घेऊन कळवावा, एवढे त्या वेळी पुरे. पुढे स्मृतिनिधी करायचा ठरला तर फोन कोण घेणार हे आधी ठरवावे, कारण प्रत्येक देणगीदार सांत्वनही करतो आणि ते दिवसातून पंधरा वेळा ऐकणे जड जाते. वस्तू वॉर्डात स्वतः नेऊन देण्याची इच्छा असेल तर एकदा रिकाम्या हाताने जाऊन यावे. त्या दारातून आत जाणे जमते का, हे त्या दिवशी समारंभ न ठेवता पाहता येते. जमले नाही तर देणगी कार्यालय तुमच्या वतीने ती पोहोचवते. वस्तूवर मुलाचे नाव घालण्याविषयी प्रश्न १७ पाहावा. तिथे एक अडचण आहे जी तुम्हाला आधी माहीत असलेली बरी.

१५. सिस्टरांविषयी कृतज्ञता आहे, पण उपचारांत एक चूक झाली होती आणि तिची तक्रार आम्हाला करायची आहे. दोन्ही करता येईल का?

येईल, फक्त दोन्ही कागद वेगळे ठेवावेत. तक्रार तक्रारीच्या मार्गाने, तारखा आणि नावांसह, लेखी करावी. देणगीच्या पत्रात तिचा उल्लेख नको आणि तक्रारीत देणगीचा नको. ‘आम्ही इतके दिले आणि आमच्याशी असे’ हे वाक्य तक्रारीला हलके करते. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत निधी पुढे ढकलावा, असे माझे मत आहे.

१६. एक कंपनी मोठी रक्कम द्यायला तयार आहे, पण त्यांना वॉर्डात त्यांचे चिन्ह हवे आहे.

निर्णय तुमचा नाही, रुग्णालयाचा आहे. म्हणून कंपनीला काही कबूल करण्यापूर्वी ते पत्र जसेच्या तसे देणगी कार्यालयाकडे द्यावे. बहुतेक ठिकाणी तंबाखू आणि मद्य यांच्या कंपन्या सरळ बाद होतात. बालरुग्ण विभागात आणखी एक प्रकार जपावा लागतो तो म्हणजे बाळाच्या वरच्या दुधाच्या कंपन्यांचा. जागतिक आरोग्य परिषदेने १९८१ मध्ये स्तन्यपर्यायांच्या जाहिरातीवर आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली आणि २०१६ मध्ये आलेल्या मार्गदर्शनात अशा कंपन्यांनी आरोग्यसंस्थांना उपकरणेसुद्धा देणगी देऊ नयेत असे स्पष्ट केले. नवजात बाळांच्या खोलीत भिंतीवरच्या गोड घड्याळावर दुधाच्या डब्याचे नाव असेल, तर नव्या आईला तो रुग्णालयाचाच सल्ला वाटतो.

१७. देणगीवर आमच्या मुलाचे नाव लावता येईल का?

विचारून पाहावे, लहान पाटीला बहुधा हरकत नसते. अडचण अशी, की उपकरणाचे आयुष्य मर्यादित असते. आठ-दहा वर्षांनी खुर्ची किंवा पंप मोडीत निघतो आणि पाटीसकट जातो. हे आधी माहीत नसलेल्या आईला ते नंतर कळले तर तो दुसरा घाव ठरतो. म्हणून नाव खोलीतल्या देणगीदारांच्या फलकावर किंवा दप्तरातल्या नोंदवहीत असावे, वस्तूवर नसले तरी चालेल, आणि वस्तू निकामी झाल्यावर पाटी घरच्यांना परत मिळावी असे लिहून घ्यावे.

उलट इच्छाही असू शकते. ‘पीटर पॅन’ या मुलांच्या गाजलेल्या कथेचे लेखक जे. एम. बॅरी यांनी १९२९ मध्ये तिचे सर्व हक्क ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाला दिले तेव्हा त्यातून किती उत्पन्न मिळते हे कधीही जाहीर करू नये अशी त्यांची विनंती होती, आणि रुग्णालयाने ती पाळली आहे. पुढे हक्कांची मुदत संपल्यावर ब्रिटिश संसदेने १९८८ च्या कायद्यात त्या रुग्णालयाला ब्रिटनमधील मानधन (रॉयल्टी) कायमचे मिळत राहील अशी खास तरतूद केली. तुमच्याही एखाद्या देणगीदाराला नाव किंवा आकडा नको असेल तर तो यादीत ‘एक पालक’ एवढाच राहील याची काळजी घ्यावी; हिशेबाच्या वहीत मात्र तो पूर्ण नावाने असायला हवा.

१८. हे दरवर्षी करावे का? आणि थांबायचे असेल तर कसे थांबायचे?

दरवर्षी करण्याचे वचन पहिल्या वर्षी देऊ नये. दुसऱ्या वर्षी तेच नातेवाईक, तेच शेजारी असतात, आणि त्यांच्या खिशालाही मर्यादा असते. करायचेच असेल तर छोटे आणि ठरावीक काहीतरी धरावे. आमच्यातले एक आजोबा दर तीन महिन्यांनी वॉर्डाला लागणाऱ्या चित्रवह्यांचे गठ्ठे पोहोचवतात आणि त्यासाठी त्यांनी कधी आवाहन केलेले नाही.

थांबताना शेवटची तारीख जाहीर करावी, त्या तारखेनंतर आलेली रक्कम थेट रुग्णालयाकडे वळवावी, आणि ऑनलाइन पान नुसते सोडून न देता बंद करावे. किती जमले, शुल्कात किती गेले, काय घेतले, ते कुठे ठेवले आहे आणि काय फसले, असे एक पान प्रत्येक देणगीदाराला पाठवावे. फसलेलेही लिहावे. आमच्या कपाटातल्या दोन पंपांची हकिगत आम्ही दुसऱ्या वर्षीच्या हिशेबात लिहिली, तेव्हा एका देणगीदाराने त्याच कंपनीच्या नळ्या वापरणारे दुसरे रुग्णालय शोधून काढले. दोन्ही कार्यालयांच्या लेखी संमतीने पंप तिकडे गेले. खाते बंद केल्याचे बँकेचे पत्र, सह्या केलेल्या मोजणीच्या चिठ्ठ्या आणि पावत्यांच्या प्रती एका फायलीत ठेवाव्यात, आणि त्या किती वर्षे जपायच्या हे लेखा विभागाला विचारून फायलीवरच लिहून ठेवावे.